खिडकीची लांबी

आमच्या उमापुरात त्या काळी घराला रस्त्याकडे खिडकी ठेवायची पद्धत नव्हती. माळवदाची घरं, हातभर जाड मातीच्या भिंती, आणि उजेड यायचा तो वरून, धूर जायला ठेवलेल्या भोकातून. चोराला आतलं दिसू नये आणि बाईला बाहेरचं दिसू नये, असा दुहेरी बंदोबस्त. राज्य निजामाचं होतं, पण या बाबतीत ज्या त्या घरचा कर्ता स्वतःच निजाम होता.

माझं लग्न शिंप्याच्या घरात झालं. थोरले दीर बाजारपेठेतल्या दुकानात बसून पुरुषांचे सदरे आणि कोट शिवायचे. माझे मालक, म्हणजे नवरा, घरच्या पुढच्या खोलीत बायकांच्या चोळ्या शिवायचे. बायका काही माप द्यायला परपुरुषासमोर उभ्या राहत नसत. नमुन्याला जुनी चोळी पाठवून देत, आणि जुन्या चोळीवरून शिवलेली नवी चोळी कधी बगलेत काचायची, कधी पाठीत फुगायची. मग मालकांनी मला मिशनवर बसवलं. शिवणाच्या यंत्राला आम्ही सगळे मिशनच म्हणायचो. मी अंगावर माप घ्यायची आणि माझ्या हातची चोळी बसायची. हे मी फुशारकीनं सांगते आहे, आणि का सांगू नये? चकलांब्याच्या बायका गाडी जुंपून माझ्याकडे यायच्या.

अडचण होती ती उजेडाची. काळ्या चंद्रकळेच्या चोळीवर काळा दोरा चालवायचा आणि तोही त्या अंधारकोठडीत! माझे डोळे चुरचुरायला लागले तेव्हा मालकांनी कोणाला न विचारता रस्त्याकडच्या भिंतीला भगदाड पाडलं, सागाची चौकट बसवली आणि काचा आणायला नगरला गेले. नगर म्हणजे इंग्रजांचा मुलूख. येताना आष्टीच्या वाटेवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गाडी अडवली. गवतात काय लपवलंय म्हणून शिपायानं आत काठी खुपसली आणि एका तावदानाचे दोन तुकडे केले. मालकांनी ते दोन तुकडेही आणले आणि मध्ये सांधा भरून तेच तावदान खाली उजव्या कोपऱ्यात बसवलं. काचा चौकटीत पक्क्या करायला त्यांनी एक पांढरी, कणकेसारखी, तेलकट वस्तू मळली होती. त्या वस्तूचं नाव नगरच्या सुतारानं त्यांना सांगितलं होतं, लांबी. एवढासा गोळा आणि नाव लांबी. मी तेव्हा हसले होते.

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. काचेची खिडकी म्हणजे नागडं घर, असं त्यांचं मत. पण थोड्याच दिवसांनी त्यांनीच आपलं बसणं खिडकीशेजारच्या उंबऱ्यात हलवलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि उन्हाचा तो चौकोन जिथं पडे तिथं त्यांना निदान आपले हात तरी दिसत. मी सुई ओवून मागायची आणि त्या चाचपडत ओवून द्यायच्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मग एका पावसाळ्यात मालक तापानं गेले. त्या दुःखाचं मी इथं काही लिहीत नाही. ते माझं आहे आणि माझ्यापाशीच राहील.

खिडकीचं मात्र लिहिते. मालक होते तोवर दरवर्षी ते चौकटीला तेलाचा हात द्यायचे. ते गेल्यावर कोण देणार? आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे भट्टी. लांबी वाळली, तडकली, तिची ढेकळं सुटू लागली. उरलेली कावळ्यांनी चोची मारून खाल्ली. वारा सुटला की तावदानं दात वाजवल्यासारखी वाजायची. पुढच्या वर्षीच्या परतीच्या पावसात त्या फटींतून पाणी आत आलं आणि देशमुखांच्या सुनेचा कोरा खण डागळला. तो खण मी पदरचा भरून दिला. पण थोरल्या दिरांना पाहिजे ते निमित्त सापडलं.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही. ते आले की डोक्यावरून पदर ओढायचा, भिंतीकडे तोंड करायचं. त्यांनीही माझ्याशी बोलायचं नाही. मग एका घरात राहून व्यवहार चालायचा कसा? तर सासूबाईंच्या तोंडून. दीर आईला सांगायचे, मी सासूबाईंना सांगायची, आणि आम्हा दोघांनाही सगळं ऐकू येत असूनही सासूबाईंनी पुन्हा सांगितल्याशिवाय ते बोलणं पोचलं असं धरायचं नाही. सासूबाई या कामात तयार झाल्या होत्या. दोन्हीकडचं ऐकायच्या आणि त्यातलं तिखट काढून पुढे द्यायच्या.

त्या दिवशी दीर उंबऱ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, “आई, हिला सांग. खिडकी गळती. दुसऱ्याचं कापड खराब झालं, घराची इज्जत गेली. दिवाळी झाली की गवंडी येईल अन् इटा लावून बुजवून टाकील. मिशन आतल्या खोलीत न्यायचं.”

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “खिडकीचं काहीतरी करायचं म्हणतोय त्यो.”

“सासूबाई, त्यांना विचारा, गळती तर बुजवायची कावून? दुरुस्त करायची.”

“ती म्हणती, दुरुस्त न्हाई का व्हायची?”

“कोण करणार? ज्यानं केलती त्यो गेला.”

हे वाक्य सासूबाईंनी पुढे दिलंच नाही. 

आतली खोली म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. तिथं ज्वारीच्या कणग्या आणि उंदीर. तिथं मिशन नेलं की माझे डोळे दोन वर्षांत संपणार. तिथपर्यंत गिऱ्हाईक बाई येणार नाही. मग चोळ्या बंद, मग मिशन दिरांच्या दुकानात, मग मी चुलीशी. गळतीचं नुसतं निमित्त होतं. नवरा मेलेली बाई रस्त्यावरच्या काचेमागं दिवसभर बसलेली दिसते, येणारा-जाणारा बघतो, हे खरं दुखणं होतं. पण ते कोणी तोंडानं बोलत नव्हतं. सगळे पाण्याचंच बोलत होते. मग मीही ठरवलं, पाण्याचं तर पाण्याचं. पाणी बंद करून दाखवते, मग बघू काय बोलता ते.

मला पाहिजे होती फक्त लांबी.

आधी सासूबाईंना सोबत घेऊन गावच्या सुताराकडे गेले. तो नांगर, तिफणी आणि गाड्याची चाकं करणारा माणूस. काचेशी त्याचा संबंध कधी आलाच नव्हता.

मी म्हटलं, “जरा लांबी पायजे होती.”

तो तासता तासता म्हणाला, “कशाची?”

“खिडकीची.”

“मंग मोजून आणायची की. किती हाय लांबी?”

“तशी लांबी न्हाई हो. भरायची लांबी.”

त्यानं वाकस खाली ठेवला आणि सासूबाईंकडे फार कीव आल्यासारखं पाहिलं. नवरा गेल्यापासून सून भ्रमिष्ट झाली, असं त्या दिवशी उमापुरात दोन-चार घरी तरी बोललं गेलं असणार. बोलोत.

मग नगरला माल घेऊन जाणाऱ्या एका गाडीवानाला मी निरोप दिला. नीट बजावून सांगितलं, मोठ्या दुकानात जायचं आणि शिंपीणबाईला लांबी पाहिजे म्हणून सांगायचं. गाडीवान भला माणूस होता. परत आला तो मोठ्या अभिमानानं आला. धोतराच्या सोग्यातून त्यानं एक पुडी काढली. पुडीत शिंप्याची माप घ्यायची फीत होती, नवी कोरी, पिवळी, दोन्ही टोकांना पितळ लावलेली.

“लई चांगली लांबी हाय, बाई,” तो म्हणाला. “दुकानदार म्हणला, अशी लांबी हैदराबादलाबी न्हाई मिळायची.”

शिंपिणीला लांबी पाहिजे म्हटल्यावर त्या बिचाऱ्यानं दुसरं काय समजायचं होतं? मी दार लावून आधी पोट धरून हसले आणि मग भयंकर संतापले. दिवाळी तोंडावर आली होती आणि माझ्या हातात काय, तर फीत! घरात मात्र आनंदीआनंद. दीर आईला म्हणाले, “हिला सांग, आता ती लांबी खिडकीत भर म्हणावं.” सासूबाईंनी यातलंही तिखट काढायचा प्रयत्न केला, पण काढायला त्यात दुसरं काही नव्हतंच.

मग माझी मीच करायला घेतली. मालकांनी मळताना मी बघितलं होतं, पण अर्धवट. हातात पोळीचं पीठ आणि डोळे चुलीवर. पांढरं पीठ होतं आणि तेल होतं, एवढं आठवत होतं. पांढरं म्हणजे चुना, असं धरून मी भिंतींना द्यायचा चुना घेतला आणि स्वयंपाकाचं करडईचं तेल. कालवलं तर ते फुटलेल्या दुधासारखं झालं. तरी हट्टानं फटीत भरलं. सकाळी बघते तर पापुद्रे सुटून खाली पडलेले आणि माझ्या बोटांची सालपटं निघालेली. आठ दिवस सुई धरताना बोटं झोंबत होती.

त्याच आठवड्यात दीर जेवायला बसले असताना पुन्हा विषय निघाला. मी आत भाकरी थापत होते. ते आईला सांगत होते, पण आवाज माझ्यासाठी चढवलेला.

“आई, हिला सांग, पुरे झाले नाद. त्यानं बी असंच केलतं. दुकानातला समदा खडू चोरून नेला अन् खलबत्त्यात कुटला. गिऱ्हाइकाच्या कापडावर खूण करायला मला आठ दिस खडू न्हवता. अन् तुझं चटणीचं जवस तेल्याकडं नेऊन त्याचं तेल काढलं. आठवतंय का? समदं त्या खिडकीत घातलं. अन् आता ही बया चुना घालतीया!”

माझा हात परातीतच थांबला. खडू! जवस! अहो, त्या दिवशी त्यांच्या हाताला जवसाच्या चटणीचा वास येत होता आणि मिशांना पांढरं लागलं होतं. मी त्यावरून त्यांना चिडवलं होतं. इतके दिवस जे मला आठवत नव्हतं ते दिरांनी मला टोमण्यातून ताटात वाढून दिलं. मी पदर ओढला आणि सासूबाईंना म्हटलं, “भावजींना आणखी एक भाकरी वाढू का विचारा.” मला खरोखरच त्यांना भाकरी वाढावीशी वाटत होती.

खडू माझ्याकडे होताच. चोळीवर खुणा करून झिजलेले तुकडे मी कधी फेकले नव्हते, डबाभर साठले होते. ते कुटले, कुटून चोळीच्या मलमलीतून चाळले. जवस सासूबाईंच्या चटणीच्या गाडग्यातून घेतलं. या खेपेला चोरून नाही, समोर बसून मागून घेतलं. त्यांनी गाडगं पुढे सरकवलं. तेलिणीला मी बजावलं, घाण्यात आधीचं तिळाचं तेल चिकटलेलं असेल तर पहिली धार बाजूला काढ, मला निव्वळ जवसाचं पाहिजे. ती म्हणाली, “एवढं कावून? खायला तर सगळंच चालतंय.” मी म्हटलं, “माझी खिडकी पथ्यावर हाय.”

जुनी लांबी काढणं हे खरं कठीण काम होतं. जिथं ती सुटली नव्हती तिथं दगडासारखी झालेली. ओरबाडायला गेलं तर काच जायची भीती. मग मी शिंप्याच्या घरची बाई, मला दुसरं काय सुचणार? इस्त्रीत निखारे भरले आणि इस्त्रीचं टोक त्या जुन्या लांबीवर टेकवून धरलं. ती हळूहळू मऊ पडली, जवसाचा वास सुटला, आणि मोडक्या कात्रीच्या एका पात्यानं मी ती लोण्यासारखी काढत गेले. मालकांच्या बोटांचे ठसे होते तिच्यावर. रडू आलं. रडत रडतच काढली.

मोकळी झालेली खाच आधी तेलानं भिजवून घेतली. कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि लांबी भुसभुशीत होते, हे मला चुन्याच्या फजितीनंतर कळलं होतं. मग खडूत थेंब थेंब तेल टाकत मळायला बसले. पुरणपोळीची कणीक तिंबावी तशी तिंबली, हाताला चिकटायची थांबेपर्यंत. तिची बोटाएवढी वळी करून खाचेत दाबली, वर तावदान बसवलं, चौकटीत बारीक चुका ठोकून काच अडकवली, आणि बाहेरच्या बाजूनं दुसरी वळी अंगठ्यानं दाबत, उतार ठेवत नेली, म्हणजे पाणी थांबणार नाही, घसरून जाईल. बाहेरच्या बाजूनं म्हणजे रस्त्यावर उभं राहूनच ते करायचं होतं. भर दिवसा, चालत्या वाटेवर, माझ्यासारख्या बाईनं. लोक थांबून बघायचे. मी डोक्यावरचा पदर दातात धरला आणि लांबी लावत राहिले. करोडगिरीच्या शिपायानं फोडलेल्या त्या तावदानाच्या सांध्यात सगळ्यात जास्त भरली.

ती वाळायला लई दिवस लागतात. वरून साय धरते, आत मऊच असते. त्या दिवसांत मी कावळ्यांवर पहारा केला. मेल्यांना जवसाची चटक लागलेली. काळ्या चिंध्यांची झालर करून चौकटीवर टांगली तेव्हा कुठं ते लांब राहिले. सासूबाई रोज सकाळी येऊन नख लावून बघायच्या आणि “अजून हिरवी हाय” म्हणायच्या. एक दिवस नख उमटलं नाही. त्या उंबऱ्यात जाऊन बसल्या.

दिवाळी झाली आणि बाजाराच्या दिवशीच दिरांनी गवंडी आणला. गाढवांवरून विटा आल्या, खिडकीखाली रचल्या गेल्या, त्यानं मातीचा गारा कालवायला घेतला. दिवस मुद्दाम निवडला होता. सगळ्या गावाला दिसावं, घरात कर्ता कोण आहे ते. माझ्या पुढच्या खोलीत त्या वेळी मापाला आलेल्या चार-पाच बायका होत्या आणि बाहेर बाजाराला चाललेली माणसं.

मी खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर खडूची उरलेली पूड अशी पसरली की बोटभर जागा उघडी राहिली नाही. थेंब पडला तर डाग दिसावा म्हणून. मग दारातून गवंड्याला हाक मारली. त्याच्याशी बोलायला मला कोणती रीत आडवी येत नव्हती.

“चाचा, बुजवायच्या आधी एक काम करा. ती बादली खिडकीवर मारा. जोरात.”

त्यानं दिरांकडे बघितलं. दिरांनी हातानं खूण केली, मार. पाणी आत जाणार याची त्यांना खात्रीच असावी.

“हौ बाई, मारतूं,” तो म्हणाला. “मेरा क्या जाता?”

पहिली बादली काचेवर आदळली. मग दुसरी. पाणी तावदानांवरून, लांबीच्या उतारावरून घसरून खाली विटांवर पडलं. बायका कट्ट्यावर वाकून बघत होत्या. पूड जशीच्या तशी. त्यातली एक बाहेर ओरडून म्हणाली, “थेंब न्हाई बया आत!” गवंड्यानं स्वतः दारातून डोकं घालून बघितलं आणि मान हलवली. “एक बूंद बी नै. पक्का काम है.”

आता बोला, मी मनात म्हटलं, आणि जाऊन मिशनवर बसले.

दीर खिडकीसमोर आले. सासूबाई नेहमीप्रमाणे उंबऱ्यात. दीर आईला काही सांगतील असं मला वाटलं, पण संतापात रीत विसरून ते थेट काचेतून माझ्याकडे बघून बोलायला लागले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. आणि काय सांगू, मला ऐकू येईना! इतके दिवस त्या फटींतून रस्त्यावरचं कुत्रं भुंकलं तरी कानात शिरायचं. आता सगळ्या फटी बुजलेल्या, दार सासूबाईंच्या पाठीशी लोटलेलं, पाण्याबरोबर आवाजही बाहेर राहिलेला, आणि वर माझ्या मिशनची घरघर. मी कानाला हात लावून मान हलवली. दांडा फिरवत राहिले. खरं सांगते, थोडंसं ऐकू येत होतं. पण मी कशाला ऐकू?

ते आणखी ओरडले. मी पुन्हा कानाला हात लावला. बाजाराची माणसं थांबली. मग दिरांचा तोल गेला आणि गळ्याच्या शिरा ताणून ते इतक्या मोठ्यानं ओरडले की पलीकडच्या गल्लीला ऐकू जावं.

“पाण्याचं न्हाई बोलत मी! रांडमुंड बाई रस्त्यावर बसलेली चालायची न्हाई आमच्या घरात! तोंड दिसाया न्हाई पायजे तिचं!”

झालं. इतके दिवस जे पाण्याच्या आडून बोललं जात होतं ते भर बाजारात उघडं पडलं. आणि या खेपेला तिखट काढायला मध्ये कोणी नव्हतं. मिशन माझ्या हातात आपोआप थांबलं.  आतल्या बायकांतल्या दोघींच्या कपाळाला कुंकू नव्हतं.

उंबऱ्यातून सासूबाई उठल्या. भिंतीला धरत, चाचपडत त्या बाहेर गेल्या आणि खिडकीच्या नि मुलाच्या मध्ये उभ्या राहिल्या. डोळ्यांना नीट दिसत नसल्यानं त्यांचं तोंड दिरांच्या जरा बाजूला वळलेलं होतं. मी दाराशी आले म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“तुझा बाप मेल्याला किती वर्सं झाली बे?”

दीर एक पाऊल मागे सरले.

“अन् ही खिडकी झाल्यापासून मी ह्या उंबऱ्यात बसती. रस्त्यावरच हाय उंबरा. समद्या गावाला माझं तोंड दिसतंय. मी कोण हाय मग?”

“आई, तुझं म्हणलं न्हाई मी...”

“मला बी बुजव,” सासूबाई म्हणाल्या. “इटा हायत, गारा हाय. आधी मला बुजव, मंग तिला. लाव की. गवंडी, लाव रे.”

गवंडी थापी हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याला दोन्ही बाजूंचे हुकूम समजत होते आणि दोन्ही पाळता येत नव्हते. दिरांनी पागोटं सारखं केलं आणि ते दुकानाच्या दिशेनं निघून गेले. त्यांना हाक कोणीच मारली नाही.

“मंग इन इटांचं क्या करूं?” गवंड्यानं विचारलं.

सासूबाईंनी विचार केला. “उंबऱ्यात बसून माझं कंबरडं मोडतं. हितं खिडकीखाली वटा बांध.”

तो ओटा मी नगरहून आलेल्या त्या पिवळ्या फितीनं मोजून दिला. गाडीवानाची लांबी अशी शेवटी कामाला आली. ज्या विटांनी खिडकी बुजणार होती त्याच विटांवर, रस्त्याकडे तोंड करून, सासूबाई मरेपर्यंत बसल्या. आत मी, बाहेर त्या, मध्ये काच. पुढे त्याच उजेडात मी पाटीवर अक्षरं गिरवायला शिकले, म्हणून आज हे लिहिते आहे.

एक गोष्ट मात्र त्या दिवसानंतर बदलली. सासूबाईंनी निरोप पोचवणं सोडून दिलं. दीर काही म्हणाले की त्या म्हणायच्या, “मला ऐकू कमी येतंय, तुझं तू सांग.” आणि कान चांगले तीक्ष्ण होते हो त्यांचे! बरेच दिवस घरात नुसती शांतता होती. मी काही तोंड उघडलं नाही. रीत माझ्यासाठी होती तशीच त्यांच्यासाठी होती. त्यांनी ती भर बाजारात मोडली होती, आता पुढचं पाऊलही त्यांनीच टाकायचं.

मग एकदा सकाळी काचेवर टकटक झाली. दीर बाहेर उभे होते, हातात एक अर्धवट कोट. काचेतून त्यांनी मला कोट दाखवला, त्यावरच्या रिकाम्या काजांवर बोट ठेवलं आणि काहीतरी म्हणाले. दुकानातली बटणं संपली असणार. मी मिशन थांबवलं नाही.

“ऐकू येत न्हाई, भावजी,” मी मोठ्यानं म्हटलं. जन्मात त्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य. “आत या.”